बाल्कनीचे दोन भाग

गुणवंतरावांना कॉम्प्युटर हवा होता तो तिकिटांसाठी नव्हे, मिजाशीसाठी, हे अख्ख्या ब्रह्मपुरीला ठाऊक होतं. राईस मिल होती, श्रीकृपा टॉकीज होती, दारात जीप होती. पण तिकडे ऊर्जानगरच्या वीज केंद्रात पगाराची चिठ्ठीसुद्धा म्हणे कॉम्प्युटर छापतो, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना. एकोणनव्वद साल उजाडत होतं. घरोघरी टीव्ही आले होते, चौकात दोन व्हिडिओ पार्लर निघाले होते, टॉकीजची गर्दी ओसरत चालली होती. तेव्हा मालकांनी ठरवलं, आपलं तिकीट कॉम्प्युटरवर छापायचं. चार तालुक्यांत बोलबाला झाला पाहिजे.

सांगायला कारण एक होतंच. बाल्कनीच्या तिकिटावर खुर्चीचा नंबर नसायचा. तिकीट घ्यायचं, जिना चढायचा, आणि वर झिंगू डोअरकीपर टॉर्च दाखवेल तिकडे जाऊन बसायचं. कॉलेजची पोरं मधल्या खुर्च्यांसाठी हमरीतुमरीवर यायची. नंबर आले की भांडणं मिटतील, असं मालक म्हणायचे.

या बाल्कनीची आणि बायकांची, अशा दोन्ही खिडक्या अकरा वर्षांपासून वच्छला गेडाम एकटी सांभाळत होती. मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा पास झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली वच्छला. गावाबाहेरच्या भीमटोलीत आईसोबत राहायची. टॉकीजची नोकरी म्हणजे तिला कोण अभिमान! कोणत्या गावच्या बायका कोणत्या एसटीनं येतात, कोणाला लेकरासकट कोपऱ्याची जागा लागते, सगळं तिला तोंडपाठ. गुणवंतरावांनी तिला बोलावून सांगितलं, "वच्छला, मशीन आलं की तूच चालवशीन. ऑपरेटर म्हनतीन तुले. कोनतं मशीन घ्याचं तेबी तूच पाहून घे, मले त्यातलं काई समजत नाई." त्या दिवशी ती पायी घरी गेली नाही, तरंगत गेली.

पहिला आला तो नागपूरचा. टाय लावलेला, बोलण्यात गुळगुळीत. ऑफिसातल्या टेबलावर त्यानं आपलं मशीन मांडलं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, आणि तो म्हणाला, "मॅडम, किती तिकिटं पाहिजेत तेवढा आकडा दाबा." वच्छलानं चार दाबला. पलीकडचा प्रिंटर करकर करत चालला आणि चार तिकिटं बाहेर आली, एकापुढे एक नंबरची, मधल्या ओळीतली, बरोबर मध्यावरची. पुन्हा दोन दाबलं, त्यांच्या लगतच्या दोन खुर्च्या आल्या. जो आधी येईल त्याला सगळ्यात चांगली जागा. मशीन आपल्या मनानं मध्यापासून भरत जायचं. कोणाच्या तोंडाकडे बघणं नाही, कोणाची भीड नाही.

"मालक, हेच घ्या," वच्छला म्हणाली. "इतकं सोपं हाये, झिंगूभाऊबी चालवतीन."

मालकांनी मिशीवरून हात फिरवला. "यात बाल्कनीचे दोन भाग पाडता येतीन काय हो? उजवा अन् डावा?"

"दर वेगळे आहेत का?"

"नाई. दर एकच."

"मग दोन भाग कशाला?"

"असंच. पाह्यजेत."

टायवाला हसला. म्हणाला, दर एकच असेल तर प्रोग्राममध्ये तशी सोय नाही, करायची म्हटलं तर सगळं नव्यानं लिहावं लागेल, आणि त्याचा उपयोग तरी काय? गुणवंतरावांनी त्याला दुसरा चहासुद्धा विचारला नाही. तो मशीन गुंडाळून नागपूरच्या गाडीला गेला आणि वच्छला चरफडत बसली. चांगली वस्तू दारातून परत पाठवायची म्हणजे काय? पण मालकापुढे बोलून उपयोग नाही, हे अकरा वर्षांत ती शिकली होती.

दुसरा आला तो खुशाल. ऊर्जानगरला वीज केंद्राच्या कॉम्प्युटर खात्यात नोकरीला होता, आणि रविवारी दुकानदारांना प्रोग्राम लिहून द्यायचा. बिचारा साधा माणूस. पायात चपला, खांद्याला शबनम, तिच्यात चपट्या फ्लॉप्या. त्याची अडचण एकच होती, अर्धवट सांगितलेलं त्याला चालत नसे. त्याला सगळं मुळापासून लागायचं.

"दोन भाग पाडून देतो," तो म्हणाला. "त्यात काय! पन मालक, गिऱ्हाईक खिडकीवर आलं, की कॉम्प्युटर इचारन, भाग एक का भाग दोन? मंग कोनाले एक द्याचा अन् कोनाले दोन?"

"ते बाईले समजते."

"बाईले समजत असन. कॉम्प्युटरले समजत नाई ना. नियम सांगा, मी प्रोग्राममंदी टाकून देतो, मंग बाईलेबी तरास नाई."

गुणवंतराव एकदम जीपची किल्ली शोधायला लागले. "अरे, नियम-बियम काई नाई. झिंगू जसा बसवते तसंच पाह्यजे. वच्छला, सांग त्याले झिंगू कसा बसवते ते." आणि ते मिलवर निघून गेले.

आता गंमत अशी, की झिंगू कसा बसवतो हे वच्छलाला ठाऊकच नव्हतं. ती खाली खिडकीत, झिंगू वर अंधारात. खुशाल वही उघडून, पेन सरसावून तिच्याकडे बघत राहिला, तेव्हा ती त्याला घेऊन वर गेली. झिंगू बाल्कनीच्या पायऱ्यांवर बसून बिडी ओढत होता. साठीचा माणूस, गुणवंतरावांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. तिनं सरळ विचारलं.

झिंगूनं आधी खुशालकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू रोजची इथची. तुले माहीत नसन, असं मले वाटलंच नाई."

"काय माहीत नसन?"

"उजवीकडं गावातले. डावीकडं टोलीवाले." त्यानं बिडी पायरीवर विझवली. "मोठ्या मालकानं सांगतलं होतं, मंग तेच चालत आलं. माह्या मनाचं नाई बाई ते."

खुशालनं वहीत लिहून घेतलं. त्याच्या डोक्यात फक्त प्रोग्राम. "म्हंजे या बाजूले तुमी गाव म्हनता, अन् त्या बाजूले टोली?"

"मी तरी तसंच म्हनतो," झिंगू म्हणाला.

वच्छलाच्या कानात गरम वारं भरलं. "अन् लोक ऐकतात?"

"पिक्चर सुरू झाला असते, अंधार असते. टॉर्च जिकडं वळली तिकडं मानूस जाते, बाई."

"अन् मले? माह्या आईले?"

झिंगू टॉर्चची काच बनियनच्या टोकानं पुसत बसला. पण उत्तर वच्छलाला कशाला हवं होतं? अकरा वर्षं ती नवा पिक्चर लागला की आईला घेऊन वर यायची, आणि झिंगू दर खेपेला दोघींना डावीकडे, खांबालगतच्या दोन खुर्च्यांवर बसवायचा. ही स्टाफची जागा आहे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच ठरवलं होतं. टोलीतल्या मैत्रिणींना सांगायची, आमची जागा ठरलेली असते, कोणी तिथं बसूच शकत नाही. बँकेत बदलून आलेले रोखपाल, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, कॉलेजातले नवे प्राध्यापक, सगळी आपली माणसं, आणि तिनं स्वतः त्यांना मोठ्या थाटात सांगितलं होतं, बाल्कनीतच बसा, मी झिंगूभाऊंना सांगून ठेवते. तिनंच आपल्या हातानं त्यांना डाव्या बाजूला धाडलं होतं!

खुशाल खाली गेला. वच्छला बाल्कनीत शिरली आणि आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडच्या खुर्चीवर बसली. खुर्ची मऊ होती. चौऱ्याऐंशी साली नवं रेक्झिन लावलं होतं, त्याचं बिल तिनंच टाइप केलं होतं, आणि सगळ्या बाल्कनीला लागलं असंच ती समजून होती. डावीकडे जाऊन हात फिरवला. जुनंच, उसवलेलं, काथ्या बाहेर आलेला. वर पाहिलं. उजवीकडे पंखे चार, डावीकडे दोन. तिकिटाचा दर मात्र दोन्हीकडे सारखा. अकरा वर्षं तिला हे दिसलं नव्हतं. दिवे लागलेले असताना ती कधी वर आलीच नव्हती, मध्यंतराला हिशेबासाठी खाली खिडकीवर पळायची, आणि आली तेव्हा पडद्याकडे बघत होती.

घरी जाऊन तिनं पिशवी आपटली. आई, सुगंधाबाई, चुलीपाशी भाकर थापत होती. वच्छलानं एका दमात सगळं सांगितलं. सुगंधाबाईचा हात थांबला नाही.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"पह्यल्यांदा गेलो तवा मी उजवीकडंच बसली होती. तू खाली खिडकी बंद करून राह्यली होतीस. झिंगूनं येऊन उठवलं मले. हळूच म्हने, माय, तिकडं बसा. मी उठली." तिनं भाकर उलटली. "मंग तू वर आलीस, अन् म्हने, आई, हे आपली स्टाफची जागा हाये. तुह्या तोंडावर इतका आनंद होता पोरी. मी काय सांगू तुले?"

"अकरा वर्षं सांगतलं नाई?"

"छप्पन साली दीक्षा घेतली तवा तुह्या बाबानं मले सांगतलं होतं, आता कोनापुढं वाकाचं नाई. अन् मी त्या टॉकीजमंदी दर पिक्चरले वाकली. तुह्या नोकरीपाई वाकली. मले काय लाज नाई वाटत काय?"

वच्छलाला मालकाचा राग आला, झिंगूचा आला, आईचाही आला, आणि सगळ्यांहून जास्त स्वतःचा आला. रात्री तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरळ ऑफिसात गेली. गुणवंतराव खुशालला हजाराचा विसार देऊन मोकळे झाले होते. नागपूरच्यापेक्षा हे मशीन महाग पडत होतं, तरीही.

"मालक, ते दोन भाग कशासाठी हायेत ते मले समजलं."

गुणवंतराव चपापले नाहीत, हेच तिला जास्त झोंबलं. "समजलं ना? चांगलं झालं. आता खिडकीतूनच पाहून बटन दाबाचं. तुले गावातलं मानूस न् मानूस माहीत हाये, म्हनून तर तुले ऑपरेटर करून राह्यलो."

"म्हंजे झिंगूभाऊ अंधारात करत होते, ते मी उजेडात कराचं?"

"काऊन वं इतकी चिडून राह्यलीस? कोनाले खाली पाठवतो काय मी? बाल्कनीच हाये ना? दर एकच हाये ना? तुमच्या लोकायलेबी एकत्र बसाले बरं वाटते."

"कोनाले इचारलं तुमी?"

"इचाराचं काय त्यात! आजवर एकानं तरी तक्रार केली काय? अन् समज, उद्या एखादा दिवटा निघाला, तर कुठी लिवलं हाये असं? कोनत्या कागदावर? हं?" त्यांनी पानाचा डबा उघडला. "वच्छला, तुह्यासाठी मी काय कमी केलं? तुह्या जातीची पोरगी गल्ल्यावर बसवली तवा चार जनाइनं मले नावं ठेवली. मी ऐकलं काय त्याइचं?"

उपकार! अकरा वर्षं तिनं सणवार न बघता खिडकी सांभाळली, तापात कण्हत तिकिटं फाडली, आणि ते सगळं ह्याचे उपकार म्हणून जमा होत होतं. वच्छलाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं.

"मी ते बटन दाबनार नाई," ती म्हणाली. "नागपूरवाल्याचं मशीन आना, मी चालवतो. जो येईन त्याले जे जागा येईन ते. दुसरं कोनतंबी मशीन चालवनार नाई."

"मंग खिडकी सोड. माहा भाचा येऊन राह्यला नाशकाहून. शिकलेला हाये. तो दाबन."

तिनं कमरेच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि बाहेर पडली. मागून त्यांनी हाक मारली नाही. टोलीपर्यंतचा रस्ता ती चालली, आणि चालताना तिला एवढंच कळत होतं की उद्या सकाळी उठून जायला कुठे नाही.

पंधरा दिवसांनी मुहूर्त लागला. रविवारचा तीनचा शो. रिक्षावर भोंगा लावून गावभर पुकारलं, विदर्भात प्रथमच, कॉम्प्युटरचं तिकीट! मशीनला धूळ चालत नाही असं खुशालनं बजावलं होतं, म्हणून बाल्कनीच्या खिडकीची काचेची पेटी करून टाकली होती आणि बोलायला एक भोक ठेवलं होतं, वाटीएवढं. बायकांची वेगळी खिडकी बंद. मशीन एकच, तेव्हा रांगही एकच. मशीनला हार घातला, पडद्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. भाचा आत बसला. गोरागोमटा, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. काचेमुळे त्याला बाहेरचं नीट ऐकू येईना आणि बाहेरच्यांना त्याचं, म्हणून तो ओरडून बोलत होता.

वच्छला रांगेत उभी होती. मुद्दाम आली होती. पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून सुगंधाबाई तिच्या मागे. "मले त्या बटनाचं तोंड पाह्याचं हाये," एवढंच वच्छला आईला म्हणाली होती.

"आडनाव?" भाचा भोकातून ओरडला.

सगळ्यात पुढचा गोंधळला. "आडनाव कायले?"

"मामांनी आडनाव विचारून तिकीट द्यायला सांगितलंय. मी इथं नवा आहे ना, कुणाला ओळखत नाही."

"नाकाडे."

कळ दाबली गेली, प्रिंटर करकरला, तिकीट आलं. लोकांना वाटलं, रेल्वेच्या रिझर्व्हेशनसारखं असेल. मोठ्या हौसेनं ते आपापली आडनावं सांगू लागले. एकानं तर नाव, बापाचं नाव, गाव, पोस्ट, सगळं सांगून टाकलं. भाच्यापुढे एक कागद होता, त्यावर मामाच्या अक्षरात आडनावांच्या दोन रांगा. तो बोट फिरवायचा, सापडलं की कळ दाबायचा. वच्छला ते बोट बघत होती.

तिच्या पुढे मेंडकीचे सोमाजी शेंडे होते, धानाच्या बाजाराला आलेले शेतकरी.

"शेंडे," ते म्हणाले.

भाच्याचं बोट कागदावर दोनदा फिरलं. "कोणते शेंडे?"

"मेंडकीचे."

"गाव नाही हो. कोणते? शेंडे दोन्ही रांगांत लिहिलेत."

या मुलखात 'कोणते' म्हणून विचारलं की काय विचारलं ते शेंबड्या पोरालाही कळतं. लग्न जुळवताना विचारतात, भाड्यानं खोली देताना विचारतात, पण हळू विचारतात, पायरीवर बसून, तंबाखू मळत. इतक्या मोठ्यानं, काचेच्या भोकातून, भर रांगेत कुणी विचारलेलं कुणी ऐकलं नव्हतं. सोमाजींचं तोंड लालबुंद झालं. "तेली हाये मी," ते खालच्या आवाजात म्हणाले, तिकीट घेतलं, आणि जिन्याकडे न जाता बाजूला उभे राहिले.

वच्छला पुढे झाली. "दोन द्या."

"आडनाव?"

"गेडाम."

बोट कागदावर फिरलं आणि थांबलं. "कोणते गेडाम?"

"मोठ्यानं इचारा. मागच्याइले ऐकू गेलं नाई."

तो खरोखरच मोठ्यानं ओरडला. "कोणते गेडाम?"

वच्छलानं उत्तराऐवजी पैसे भोकातून आत सरकवले. भाचा वैतागला. पेटीच्या दाराशी गुणवंतराव हार गळ्यात घालून पाहुण्यांचे नमस्कार घेत होते, त्यांच्याकडे मान वळवून त्यानं ओरडूनच विचारलं, आणि भोक इकडे असल्यामुळे ते सगळ्या अंगणानं ऐकलं. "मामा, ह्या बौद्ध की गोंड? गेडामही दोन्हीकडे लिहिलेत. बौद्ध असल्या तर भाग दोनच दाबायचं ना?"

झालं. वीस वर्षं जे झिंगूच्या टॉर्चनं न बोलता केलं होतं, ते नाशिकच्या पोरानं शुद्ध मराठीत सांगून टाकलं. रांगेत टोलीतली माणसंही होती, बँकेचे रोखपाल होते, नर्सबाई होत्या.

गुणवंतराव धावत आले. "अरे, भाग एकची दे त्याइले! ओळखीचे हायेत, आपल्या वच्छलाची आई हाये ते!"

"काऊन?" सुगंधाबाई पुढे आली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मेहरबानी नाई पाह्यजे. आमी बौद्धच आहो. तुमचा जो नियम हाये त्या नियमानं द्या."

भाच्यानं ऐकलं ते एवढंच. त्यानं भाग दोनची कळ दाबली.

"दाबू नको! अरे, दाबू नको!" गुणवंतरावांनी काचेवर थापा मारल्या, पण प्रिंटर चालू झाला होता आणि तो कसा थांबवायचा ते भाच्याला कोणी शिकवलं नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, घ्या ना जे भेटते ते. टायटल सुटून राह्यले." वच्छलानं वळून पाहिलं. शिकलेला माणूस होता, रोज नमस्कार करणारा. अंगाचा भडका उडाला तिच्या. "टायटल पाह्याची घाई हाये ना भाऊ तुमाले? जा मंग! तुमची खुर्ची उजवीकडं पक्की हाये, कोनी नेत नाई," ती म्हणाली. तो माणूस चपलेकडे बघायला लागला.

भोकातून दोन तिकिटं बाहेर आली. वच्छलानं ती हातात घेतली आणि वाचली, मग पुन्हा वाचली. खुशालनं आपल्या सवयीप्रमाणे वहीतलं जसंच्या तसं प्रोग्राममध्ये उतरवलं होतं. तारीख, तीनचा शो, दर, बाल्कनी, आणि त्यापुढे इंग्रजी अक्षरांत छापलं होतं, टोली. नंबर एक. टोली, नंबर दोन. गुणवंतरावांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि भाच्यानं तिकिटाकडे बघितलंच नव्हतं.

"काय लिवलं हाये?" मालकांनी विचारलं.

भाच्यानं आता पडद्यावर वाचलं. "टोली लिहिलंय मामा."

गुणवंतरावांनी हात पुढे केला. "दे वच्छला, ते इकडं दे. चूक झाली मशीनची. दुसरं देतो, पैसे वापस देतो. उद्यापासून तूच बस मशीनवर, दीडशे वाढवतो."

"मशीनची काई चूक नाई," वच्छला म्हणाली. "मशीननं तुमचंच सांगतलेलं छापलं."

तिनं आईचा हात धरला आणि गेटाकडे निघाली. तेव्हा बाजूला उभे असलेले सोमाजी शेंडे पुढे आले. हातातलं तिकीट त्यांनी तिच्यापुढे धरलं. त्यावर तेच, तीच तारीख, तोच शो, तोच दर, फक्त टोलीच्या जागी इंग्रजीत गाव छापलं होतं.

"हेबी ठेव बाई. एक दाखवशीन तर मिटवून टाकतीन. दोनी दाखव." मग धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "मी येतो संगं. मलेबी त्यानं कोनते म्हनून इचारलं, साऱ्यापुढं."

ठाणं बसस्टँडच्या पलीकडे. चारपाच जण मागून आले, रोखपाल होते, नर्सबाई होत्या, बाकीचे पिक्चरला गेले. टोलीतलीही काही गेली. वच्छलाला त्यांचा राग आला आणि मग आला नाही. तीही अकरा वर्षं तिथेच बसली होती.

टेबलाशी एक हवालदार होता. त्यानं दोन्ही तिकिटं उलटसुलट करून बघितली. "टॉकीजची भांडनं आपसात मिटवत जा," तो म्हणाला. "रविवार हाये. साहेब नाई."

"साहेब येईपर्यंत बसतो. पन तक्रार आता लिवून घ्या," वच्छला म्हणाली. "अस्पृश्यतेविरुद्धचा पंचावन सालचा कायदा हाये. सिनेमा टॉकीजबी येते त्यात. मी काई मिटवाले आली नाई."

हवालदारानं तिच्याकडे पाहिलं, मागच्या माणसांकडे पाहिलं, सुस्कारा टाकून कागदांखाली कार्बन घातला आणि पेन झटकलं.

"नाव?"

"वच्छला सोनबा गेडाम."

"वय? धंदा?"

"एकतीस. धंदा पंधरा दिवसांआधी होता, आता नाई."

"जात, धर्म?"

"बौद्ध," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिवा."